पायथन २ ते ३: मराठी मजकूर, बाइट्स आणि गप्प राहणाऱ्या चुका

अक्षरवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं सभासद-नोंदणी आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे देखभालीला आहे. मूळ कोड पायथन २.७ चा. सर्व्हर बदलला, त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आलं आणि त्यात पायथन २ नाहीच. तसंही २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि शेवटची २.७.१८ ही आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. तेव्हा आता ३ वर येण्यावाचून पर्याय नव्हता.

प्रिंटला कंस, भागाकार, डिक्शनरीच्या कीज वगैरे बदल पटापट उरकले. वेळ खाल्ला तो मजकूर आणि बाइट्स यांच्या गुंत्याने. ज्यांचा डेटा मराठीत आहे त्यांना हे हमखास भोवतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे मुळात बाइट्सची रांग. युनिकोड हा वेगळा प्रकार. दोन्ही एकत्र आले की पायथन २ कुणाला न विचारता ॲस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) धरून डिकोड करायचं, म्हणजे बाइट्सचा मजकूर करायचं. नावं इंग्रजीत असतील तोवर सगळं सुरळीत. पहिलं देवनागरी अक्षर आलं की 'ॲस्की कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्सई०'. हा ई० आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या परिचयाचा असेल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून) यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर बाइट्समध्ये लिहायची नेहमीची पद्धत) ३ बाइट्स घेतं. त्यातला पहिला कायम ई० आणि दुसरा ए४ नाहीतर ए५ (बाइट्सची ही मूल्यं हेक्स, म्हणजे षोडशमान पद्धतीतली).

पायथन ३ ने २००८ च्या डिसेंबरमध्ये ही न विचारता होणारी सरमिसळ बंद केली. स्ट्रिंग म्हणजे मजकूर, बाइट्स म्हणजे बाइट्स, दोन्ही जोडायला गेलं की टाइपएरर. हॅशलिबला स्ट्रिंग दिली, सॉकेटवर स्ट्रिंग पाठवली, जेसनमध्ये बाइट्स घातले, की तिथल्या तिथे एरर येतो, ओळ क्रमांकासकट. अशा एररचं मी स्वागतच करतो, कारण दुरुस्ती कुठे करायची ते तो स्वतःच सांगतो.

खरा धोका न ओरडणाऱ्या चुकांचा आहे.

बाइट्स आणि स्ट्रिंगची तुलना घ्या. आतला मजकूर तोच असला तरी उत्तर 'फॉल्स' येतं आणि एरर काही येत नाही. नेटवर्कवरून आलेला 'ओके' बाइट्समध्ये आहे, कोडमधला 'ओके' स्ट्रिंग आहे, तर ती इफ कधीच खरी होत नाही. डिक्शनरीतही तेच: की बाइट्समध्ये साठवली आणि शोधताना स्ट्रिंग दिली तर गेट निमूटपणे 'नन' देतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाइट्सवर एसटीआर हे फंक्शन नुसतंच लावणं. एन्कोडिंग न देता लावलं तर ते डिकोड करत नाही, पायथन पडद्यावर जसं दाखवतं तसं रूप देतं. सभासदाच्या नावाच्या जागी पावतीवर बी, मग अवतरणचिन्ह, मग एक्सई० एक्सए४ अशी लांबलचक माळ छापली जाते. प्रोग्रॅमच्या मते सगळं व्यवस्थित आहे.

यावर एक उपाय प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून वापरावा: पायथन चालवताना 'डॅश बीबी' हा पर्याय द्या. मग बाइट्स-स्ट्रिंग तुलना आणि हे बेफिकीर एसटीआर, दोन्ही ठिकाणी एरर येतो. टेस्ट्स कायम याच पर्यायासह चालवाव्यात.

आता विंडोजकडे वळतो. संस्थेच्या काउंटरवरची यंत्रं विंडोजवर आहेत. पायथन ३ मध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर यंत्राच्या लोकेलप्रमाणे ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर ते निघतं सीपी-१२५२, पश्चिम युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग. फाइल यूटीएफ-८ मध्ये, वाचणारा सीपी-१२५२ मध्ये. गंमत अशी की हे कधी फुटतं आणि कधी फुटत नाही, आणि त्याचं कारण बाइट पातळीवर अगदी स्वच्छ दिसतं.

सीपी-१२५२ मध्ये ५ बाइट्सना काहीही अर्थ दिलेला नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता 'पुणे' पाहा. प चे बाइट्स ई० ए४ एए. पुढच्या ऱ्हस्व उकाराचे ई० ए५ ८१. हा ८१ भेटला की एरर: 'चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८१ इन पोझिशन ५'. उलट 'नाशिक' मधला एकही बाइट त्या पाचात बसत नाही. म्हणून 'नाशिक' बिनबोभाट वाचलं जातं, फक्त à आणि ¤ अशा चिन्हांचा कचरा होऊन, आणि तसंच पुढे डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, म्हणजे 'कोल्हापूर' आणि 'रत्नागिरी' फुटतात. 'सातारा', 'सांगली', 'लातूर', 'जळगाव' गपचूप बिघडतात. 'ए' मध्ये ८एफ आणि 'झ' मध्ये ९डी आहे, तेही फुटतात.

म्हणून टेस्टसाठी नुसतं 'राम' लिहून चालणार नाही. राम दोन्हीकडून सुटतो: एरर येत नाही आणि आउटपुट डोळ्यांनी कुणी तपासत नाही. टेस्टमध्ये 'नाशिक' ठेवा आणि जे लिहिलं तेच परत वाचलं गेलं का, हे तपासा. 'पुणे' ठेवा म्हणजे एन्कोडिंग द्यायचं राहिलं असेल तर लगेच कळेल.

एरर घालवायचा म्हणून लोक डिकोडला 'इग्नोर' (न समजलेले बाइट्स सोडून दे) देतात, किंवा लॅटिन-१ हे एन्कोडिंग लावतात. लॅटिन-१ कधीच एरर देत नाही, कारण त्यात २५६ च्या २५६ बाइट्सना काहीतरी अर्थ आहे. त्याचा अर्थ ते बरोबर वाचतं असा नाही. आणि ॲस्कीबरोबर इग्नोर दिलं तर मराठी नाव अख्खं गायब होतं. ज्या माणसाने आयुष्यभराची बचत ठेवली आहे त्याच्या नावाची जागा कोरी राहणं मला मान्य नाही. एरर दाबू नका, बाइट्स कुठून आत आले ती जागा शोधा.

मी पाळलेला नियम एकच: डिकोड उंबरठ्यावर, एन्कोड उंबरठ्यावर, घरात फक्त मजकूर. फाइल, सॉकेट, डेटाबेस, सबप्रोसेस, पर्यावरण-चलं हे सगळे उंबरठे. प्रत्येकाची यादी करा, तिथे एन्कोडिंग स्पष्ट लिहा. मध्येच कुठेतरी डिकोड लिहावं लागत असेल तर एखादा उंबरठा सुटलाय असं समजा. हे काम आपोआप होत नाही. टू-टू-थ्री हे साधन वाक्यरचना बदलायचं, पण एखादी स्ट्रिंग मजकूर आहे की बाइट्स हे त्याला कळणं शक्यच नव्हतं (३.१३ पासून ते पायथनमधून काढूनही टाकलंय). दोन्ही आवृत्त्यांवर काही काळ कोड चालवायचा असेल तर सिक्स लायब्ररीतली एन्शुअर-टेक्स्ट आणि एन्शुअर-बायनरी ही फंक्शन्स चांगली, पण तीही उंबरठ्यावरच वापरा.

सीएसव्हीबद्दल थोडक्यात: पायथन २ मध्ये ती 'आरबी' ने उघडायची, ३ मध्ये मजकूर म्हणून उघडायची, न्यूलाइन रिकामी स्ट्रिंग द्यायची. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली असेल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य बॉम (फाइलच्या सुरुवातीला असलेली यूटीएफ-८ ची खूण) चिकटतो आणि 'क्रमांक' रकाना डोळ्यांसमोर असून सापडत नाही.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

---

कळफलक

वाचनखूण साठवली. पुणे-नाशिकचा फरक इतका स्पष्ट मांडलेला प्रथमच वाचला. यावरून एक लक्षात आलं: मराठीत जोडाक्षर नाही असं वाक्य मिळणं कठीण, त्यामुळे मोठी फाइल बहुधा फुटतेच. गपचूप बिघाड होतो तो छोट्या रकान्यांत, म्हणजे गाव, आडनाव वगैरे, जिथे एकेक नोंद वेगळी वाचली जाते. लक्ष तिथे द्यायला हवं.

दोन गोष्टी जोडते.

पायथन ३.१० पासून 'डॅश एक्स वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग' असा पर्याय आहे. एन्कोडिंग न देता जिथे फाइल उघडली जाते तिथे तो इशारा देतो. तुमच्या उंबरठ्यांची यादी त्यातून बरीचशी आयती मिळते. आणि पीईपी ६८६ (पायथनमधल्या बदलाचा मंजूर प्रस्ताव) नुसार ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट ठरलंय. त्याआधीच्या आवृत्त्यांवर पायथनयूटीएफ८ हे पर्यावरण-चल १ केलं की तोच परिणाम मिळतो (३.७ पासून). तरीही एन्कोडिंग कोडमध्येच लिहा. प्रत्येक काउंटरवर ते चल लावलेलं असेल याची खात्री कोण देणार?

दुसरं, आधीच बिघडून साठलेल्या डेटाबद्दल. à¤ अशी चिन्हं दिसत असतील तर बहुतेक वेळा उलटी वाट धरता येते: ती स्ट्रिंग सीपी-१२५२ मध्ये एन्कोड करा आणि यूटीएफ-८ ने डिकोड करा. नाशिक परत मिळतं. पण बिघाड ब्राउझरमार्गे झाला असेल तर त्यात पुणेही सापडेल, कारण ब्राउझर त्या ५ अर्थहीन बाइट्सनाही नियंत्रण-चिन्हं म्हणून पुढे सोडतात. तिथे पायथनचं सीपी-१२५२ अडतं. एफटीएफवाय नावाची लायब्ररी हे प्रकरण नीट हाताळते. आधी प्रतीवर चालवून पाहा, आणि एका नोंदीवर दोनदा बिघाड झालाय का तेही बघा. असं होतं.

---

खडकवाट

लेख उत्तम, पण 'घरात फक्त मजकूर' या नियमाला माझा विरोध आहे.

मी दूध संकलन केंद्रांसाठी काम करतो. वजनकाटा आणि फॅट मोजणारं यंत्र सीरियल पोर्टवर जोडलेलं असतं. पायसीरियल बाइट्सच देतं आणि ते बाइट्सच राहिले पाहिजेत, कारण त्यात चेकसम (डेटा बिनचूक आला का हे पडताळायचा बाइट) असतो आणि तो कुठलंही मूल्य घेऊ शकतो. १२७ च्या वरचा चेकसम आला की यूटीएफ-८ डिकोड फुटतो. वजन बरोबर असूनही नोंद जात नाही आणि सकाळी सहाच्या रांगेत शेतकरी खोळंबतात.

इथे पायथन ३ ची आणखी एक खोच आहे. जुन्या कोडमध्ये 'पहिलं अक्षर एस असेल तर वजन स्थिर' अशी तपासणी असते. पायथन २ मध्ये शून्याव्या जागी 'एस' मिळायचा. ३ मध्ये बाइट्सच्या शून्याव्या जागी ८३ हा आकडा मिळतो. तुलना कायम खोटी, म्हणजे वजन कधीच स्थिर होत नाही. आणि हे डॅश बीबी नेही पकडलं जात नाही, कारण तुलना बाइट्स-स्ट्रिंगची नसून आकडा आणि स्ट्रिंगची आहे. एका बाइटचा तुकडा (शून्य ते एक असा स्लाइस) घेऊन बाइट्सशी तुलना करायची, किंवा स्टार्ट्सविथ वापरायचं.

मर्क्युरिअलसारख्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) मोठ्या प्रकल्पानेही ३ वर येताना आतून बाइट्सच ठेवले, कारण फाइल्सची नावं आणि आशय जसाच्या तसा जपणं हेच त्यांचं काम. तेव्हा बाइट्स घरात चालतात.

---

अक्षरवेल

@खडकवाट, तुमचा मुद्दा मान्य, आणि माझा नियम त्यामुळे जास्त नेमका होतो. काट्याकडून आलेली फ्रेम (एका मापाचा बाइट्सचा संच) हा मजकूर नव्हेच. ती तपासून, चेकसम बाजूला काढून, वजनाचे अंक हाती आले की त्या अंकांपुरतं ॲस्की डिकोड करायचं. म्हणजे तुमचा उंबरठा पोर्टवर नसून फ्रेम उलगडणाऱ्या फंक्शनच्या शेवटी आहे. त्याच्या पुढे, दूध उत्पादकाच्या नावाशेजारी, बाइट्स येता कामा नयेत.

८३ ची गोष्ट फार महत्त्वाची. बाइट्सवर फॉर लूप फिरवला तरी आकडेच मिळतात, तेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

---

नवी_पाऊलवाट

नमस्कार, मी या क्षेत्रात नवीन आहे. आमच्याकडे बँकेला पाठवायची ठरावीक रुंदीची फाइल बनते. नावाचा रकाना २५ बाइट्सचा. जुना कोड नाव पहिल्या २५ पर्यंत कापायचा आणि उरलेली जागा मोकळी सोडायचा. ३ वर आणल्यापासून मराठी नाव असलेल्या सगळ्या ओळी लांब होतायत आणि बँकेचा व्हॅलिडेटर फाइल परत पाठवतोय. कुठे बघू?

---

कळफलक

@नवी_पाऊलवाट, पायथन २ मध्ये तुमची स्ट्रिंग बाइट्स होती म्हणून २५ म्हणजे २५ बाइट्स. ३ मध्ये २५ म्हणजे २५ चिन्हं आणि मराठीत ते ७५ बाइट्स. मोकळ्या जागा भरणारं एलजस्टही चिन्हं मोजतं, बाइट्स नाही. म्हणून क्रम बदला: आधी एन्कोड, मग कापणं, मग बाइट्सवरच एलजस्ट, आणि फाइल 'डब्ल्यूबी' ने उघडायची.

पण कापताना जपून. 'ज्ञानेश्वर' घ्या. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी १० चिन्हं, ३० बाइट्स. २५ वर कापलं तर ८ चिन्हं पूर्ण आणि 'व' चा एकटा ई० लोंबकळत राहतो. जुन्या कोडने इतकी वर्षं बँकेला हाच तुटका बाइट पाठवला असणार. कापल्यावर यूटीएफ-८ ने इग्नोर देऊन डिकोड केलं की तो ई० गळतो. अक्षरवेल यांनी इग्नोरला नाही म्हटलंय ते योग्यच, पण इथे आपणच कापलेलं शेपूट टाकतोय, म्हणून चालतं.

तरी उरतं काय, 'ज्ञानेश्'. शेवटी हलन्त उरला तर तो आणि त्याआधीचं व्यंजन दोन्ही काढा, म्हणजे 'ज्ञाने' राहील. तसंच कापलेल्या जागेपुढचं चिन्ह मात्रा किंवा अनुस्वार असेल तर तुम्ही अक्षर मध्येच तोडलंय. युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये कॅटेगरी पाहा, एमएन किंवा एमसी (मात्रा-अनुस्वारांसारख्या जोडचिन्हांचे गट) आली तर एक व्यंजन मागे या. 'शिंदे' चं 'शिंद' होऊन बँकेत जाऊ नये.

आणि शक्य असेल तर बँकेला विचारा की रकाना बाइट्समध्ये मोजतात की चिन्हांमध्ये. त्यांच्या कागदात नुसतंच २५ लिहिलेलं असतं.

---

तळटीप

मात्रांचा विषय निघालाच आहे तर, बाइट्सच्या चुका संपल्यावर लगेच समोर येणारी गोष्ट सांगतो.

सगळं नीट युनिकोडमध्ये आलं, आणि मग नाव तपासणारं 'इजअल्फा' मराठी नावं नाकारू लागतं. 'पुणे' ला इजअल्फा लावा, फॉल्स येतं. कारण युनिकोडच्या वर्गवारीत उकार आणि मात्रा 'अक्षर' या गटात नाहीत. पायथनच्या आरई मॉड्यूलमधला 'बॅकस्लॅश डब्ल्यू' (शब्दातलं चिन्ह ओळखणारी खूण) हाच नियम पाळतो, त्यामुळे 'पुणे' मधून प आणि ण असे दोन शब्द निघतात. शोध-सूची बनवत असाल तर ती पूर्ण निकामी होते. रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी आहे, तिचा बॅकस्लॅश डब्ल्यू मात्रा धरतो. ती वापरा.

दुसरं खास आपलं: 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्य. काही कळफलक ऱ अधिक हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर हुबेहूब सारखं, तुलनेत वेगळं, आणि एनएफसी सामान्यीकरणाने (युनिकोडची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) हे दोन एक होत नाहीत. आत घेतानाच एका रूपात बदलून घ्या. तुमच्या उंबरठ्यावरचंच काम आहे हे.

---

सोनचाफा

जुन्या फाइल्सबद्दल एक सावधगिरी. १९९० च्या दशकातला मराठी मजकूर बऱ्याचदा युनिकोड नसतोच. फाँटच्या आकारांप्रमाणे टाइप केलेला असतो, किंवा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण एन्कोडिंगमध्ये (आयएस १३१९४, १९९१). कुठलंही डिकोड त्याला थेट मराठीत आणणार नाही आणि पायथनसोबत इस्कीचा कोडेक येत नाही. तो डेटा बाइट्स म्हणूनच बाजूला ठेवा आणि त्या त्या फाँटचा तक्ता लावून रूपांतर करा. पोर्टिंगच्या गडबडीत त्याला हात लावू नका.

जुन्या पिकल फाइल्सचंही (पायथनच्या स्वतःच्या रूपात साठवलेला डेटा) तेच. पायथन २ चालणारं एखादं यंत्र अजून असेल तर तिथेच सगळं जेसनमध्ये काढून घ्या. नसेल तर ३ मध्ये लोड करताना एन्कोडिंग 'बाइट्स' द्या आणि स्वतः डिकोड करा.

---

पाणंद

अक्षरवेल, मला तुमची मदत हवी आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतो. पोर्टिंगनंतर नवीन नोंदवलेले काही सभासद शोधात सापडत नाहीत, पण यादी काढली की दिसतात. नाव तंतोतंत तेच टाइप करतोय. एरर अजिबात नाही.

---

अक्षरवेल

@पाणंद, एका क्वेरीत कळेल: नावाच्या रकान्यावर 'टाइपऑफ' लावा आणि 'ब्लॉब' (कच्चे बाइट्स) किती येतात ते पाहा. कुठल्या तरी रस्त्याने नाव एन्कोड होऊन बाइट्समध्ये येतंय. पायथन ३ बाइट्सना ब्लॉब म्हणून साठवतं, रकाना टेक्स्ट असला तरीही. आणि एसक्यूलाइटमध्ये ब्लॉब आणि टेक्स्ट कधीच समान नसतात.

---

पाणंद

अगदी तेच निघालं! वेब फॉर्मवरून येणारी नावं ब्लॉब आहेत, काउंटरवरची टेक्स्ट. फॉर्मच्या कोडमध्ये एक जुना एन्कोड राहिला होता, तो काढला. आता साठलेल्या नोंदी 'कास्ट ॲज टेक्स्ट' करून अपडेट करू का?

---

अक्षरवेल

आधी डेटाबेसची प्रत काढा. मग लगेच अपडेट चालवू नका. नाव आणि जन्मतारखेवर युनिक बंधन असेल तरी ब्लॉब आणि टेक्स्ट वेगळे धरले गेल्याने एकच सभासद दोनदा नोंदला गेला असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर अपडेट मध्येच अडेल. कास्ट केलेल्या नावावर आणि जन्मतारखेवर ग्रुप बाय करून एकापेक्षा जास्त असलेल्या नोंदी काढा. त्यांच्या पावत्या जुन्या सभासद क्रमांकावर वळवा, संस्थेच्या लेखनिकाला दाखवून, नाव-पत्ता जुळवून. हे काम स्क्रिप्टवर सोडू नका. मग उरलेल्या ब्लॉबना कास्ट करा, आणि शेवटी रकान्यावर 'टाइपऑफ टेक्स्टच हवा' असा चेक लावा. तुमच्या एसक्यूलाइटमध्ये आधीच्या टेबलला चेक जोडता येत नसेल तर नवीन टेबल बनवून डेटा त्यात हलवावा लागेल. यापुढे कुणी बाइट्स पाठवले तर नोंद करतानाच एरर येईल.